देवापुढचे बूट

आमच्या देवघरासमोर एक दिवस बूट ठेवले जातील आणि ते माझ्या सासूबाई स्वतःच्या हाताने ठेवतील, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. चपला-बूट या विषयावर सासूबाईंचं कुणाशीच जमत नसे. घरात स्लिपर घालून फिरणाऱ्याला त्या 'या साहेब' म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. पुण्याच्या फ्लॅटबाहेर चपलांचं कपाट होतं, त्यालासुद्धा त्यांनी पडदा शिवून लावला होता. जाता-येता जोड्यांचं दर्शन नको, म्हणून.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. नवऱ्याला नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या एका कंपनीत काम मिळालं आणि शेजारच्या बेस्ट नावाच्या गावात आम्ही भाड्याने घर घेतलं. मी त्याच्या परवान्याचं शेपूट धरून आलेली. पुण्यात बँकेत कॅशवर बसणारी बाई मी, इथे खिडकीत बसायला लागले. नवरा सकाळी सायकल काढायचा तो थेट संध्याकाळी परत. मधल्या वेळात मी, पाऊस आणि समोरच्या घराच्या भिंतीवर टांगलेले लाकडी जोडे. त्या भागात लाकडी जोडे करायची जुनी परंपरा. जुने झाले तरी लोक ते टाकत नाहीत, दाराशेजारी टांगतात आणि त्यात माती घालून फुलं लावतात. त्यातलं कुठलं फूल कधी सुकलं ते मला तोंडपाठ होतं. इतका रिकामा वेळ शत्रूवरही येऊ नये.

गेमेंटे, म्हणजे तिथली नगरपालिका, डच भाषेचा वर्ग चालवायची. तिथे माझ्या शेजारी एक स्पॅनिश मुलगी बसत असे. पहिल्याच दिवशी बाईंनी आम्हाला विचारलं, "तुम्ही इथे का आलात?" आम्ही दोघींनी एकाच वेळी उत्तर दिलं, "नवऱ्यामुळे." इतक्या वैतागाने दिलं की अख्खा वर्ग हसला. सुटल्यावर कळलं, ही आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात राहते. रात्री नऊला पलीकडून भांड्यांचे आवाज यायचे ते हिचे! सगळी गल्ली सहाला जेवून टीव्हीसमोर बसलेली असायची, तेव्हा आमच्या दोनच घरांत कांदा चिरला जायचा. दुपारी पडदे ओढून झोपणारीही हीच दोन घरं. मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

ती तिच्या गावी नर्स होती, नोकरी सोडून आलेली. मी विचारलं, नवरा काय करतो? म्हणाली, "फुटबॉल खेळतो." मी म्हटलं, "ते झालं गं, पण करतो काय?" ती माझ्याकडे बघतच राहिली आणि मग हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, लग्नाआधी माझ्या आईनेही हेच विचारलं होतं.

तर तो फुटबॉलच खेळायचा. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या क्लबात नव्हे, गाडीने अर्ध्या तासावरच्या एका लहान शहराच्या क्लबात. दक्षिण स्पेनमधल्या एका गावचा मुलगा, वडील शाळेची बस चालवायचे. लहानपणीच एका बड्या क्लबाची माणसं त्याला उचलून घेऊन गेली. तो त्यांच्याच वसतिगृहात वाढला. आई कधीमधी भेटायला यायची आणि जाताना रडायची. मिसरूड फुटल्यावर त्याच माणसांनी हात मिळवून शुभेच्छा दिल्या आणि बॅग भरायला सांगितलं. मग खालच्या क्लबांत दारोदार करत तो इथे पोचला, आणि इथे मात्र त्याचं सूत जमलं. डाव्या बाजूच्या पांढऱ्या रेषेवरून बॉल घेऊन पळायचं आणि गोलासमोर टाकायचा, हे त्याचं काम. माझ्या नवऱ्याला क्रिकेटपलीकडे काही कळत नाही. त्याने हे ऐकून विचारलं, "म्हणजे बाऊंड्रीवरचा फील्डर का?"

पहिल्या वर्षी मैदानावर लोक त्याच्या नावाने ओरडायचे म्हणे. दुसऱ्या वर्षी एका पावसाळी सामन्यात उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. क्लबाने सांगितलं, थंडी सुरू व्हायच्या आत आमच्याच दुसऱ्या, राखीव संघाकडून एक सामना खेळून दाखव. गुडघा टिकला तर करार पुढे चालू, नाहीतर राम राम. त्याच्या बायकोने मला हे सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तो परत खेळावा म्हणून मी रोज मेणबत्ती लावते. ती विझली की मनात येतं, नाही खेळला तर आपण घरी जाऊ. अशी कशी गं मी?"

मी म्हटलं, "मी तर नवऱ्याच्या कंपनीचं दिवाळं निघू दे म्हणून देवाला सांगितलंय. तो कुठे ऐकतोय? घाबरू नकोस." तेव्हा कुठे ती हसली.

ऑगस्टमध्ये सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. मुलाची आठवण वगैरे सगळं वरवरचं. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन्ही गुडघे बदलायला सांगितले होते आणि या त्यांना हुलकावण्या देत होत्या. "बापाने दिलेले गुडघे आहेत, तेच घेऊन वर जाईन. कापाकापी नको," हे त्यांचं पालुपद. नेदरलँड्सपर्यंत काही डॉक्टर पाठलाग करत येणार नाही, असा त्यांचा बेत.

पण इथले जिने! जिने कसले, शिड्या त्या. आणि झोपायच्या खोल्या वर. पहिल्याच सकाळी सासूबाई वरच्या पायरीवर बसल्या आणि एकेक पायरी बसत, घसरत, लहान पोरासारख्या खाली आल्या. नेमका तेव्हाच शेजारचा फुटबॉलवाला दारात उभा. मी त्यांना डब्यातून भाजी दिली होती, तो डबा परत करायला आलेला. त्यात बायकोने संत्री घालून पाठवली होती. भांडं रिकामं परत करू नये, हे तिच्या आईनेही तिला शिकवलेलं.

सासूबाई शेवटच्या पायरीवर बसून पदर सावरत मला म्हणाल्या, "हा कोण बाप्या? आणि असा बघतोय काय?"

तो त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होता. डबा माझ्या हातात देऊन निघून गेला आणि टॉवेल घेऊन परत आला. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून जमिनीवर बसला, ती स्वतःच्या गुडघ्याखाली ठेवली आणि गुडघ्याने खाली दाबून दाखवली. "उनो, दोस, त्रेस..." दहापर्यंत मोजलं आणि सोडलं. मग गुंडाळी सासूबाईंपुढे धरली. मला वाटलं, आता ऐकवतात याला चार शब्द. पण त्यांचं लक्ष त्याच्या गुडघ्यावरच्या लांब व्रणाकडे होतं.

"कापलंय याचं?" त्यांनी मला विचारलं. "मग हा चालतो कसा?"

"चालतो काय, पळतो. सकाळी क्लबात पळूनच आलाय."

"खोटं," त्या म्हणाल्या. पण गुंडाळी त्यांनी घेतली.

झालं. त्या दिवसापासून दुपारची झोप झाली की तो यायचा. सासूबाईंना खाली बसता यायचं नाही, म्हणून त्या दिवाणावर पाय पसरून आणि तो सतरंजीवर. दोघं टॉवेल दाबत बसायचे. सासूबाई त्याला 'लंगड्या' म्हणायच्या. "काय रे लंगड्या, आज उशीर?" त्याने अर्थ विचारला. मी सांगितला, म्हटलं वाईट वाटून घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी दारातून ओरडला, "काय गं लंगडी आज्जी!" सासूबाईंना पुण्यात 'अगं-तुगं' करणारं माणूस आता उरलं नव्हतं. त्या इतक्या हसल्या की कवळी सावरावी लागली.

मोजायची गंमत त्यांनीच काढली. त्या स्पॅनिशमध्ये मोजायच्या, तो मराठीत. मधल्या वेळात त्या त्याला माझ्या चुलतसासऱ्यांच्या भाऊबंदकीच्या गोष्टी सांगायच्या, शुद्ध मराठीत, आणि तो शुद्ध स्पॅनिशमध्ये वसतिगृहाच्या. दोघांनाही एकमेकांचा शब्द कळत नव्हता आणि दोघंही गप्प बसत नव्हते. फारच अडलं तर मला इंग्रजीतून मध्ये घ्यायचे. असंच एकदा त्याने सांगितलं, वसतिगृहात मुलं एकमेकांचे बूट लपवायची, म्हणून तो बूट उशाशी घेऊन झोपायचा. अजूनही त्याचे बूट तो स्वतःच पुसतो, बायकोलाही हात लावू देत नाही.

"उशाशी जोडे? शी!" सासूबाई म्हणाल्या. आणि मग टॉवेल दाबत म्हणाल्या, "एवढंसं पोर, आईवेगळं. काहीतरी घट्ट धरून झोपणारच."

सप्टेंबर संपेपर्यंत सासूबाई कठडा धरून, उभ्याने जिना उतरायला लागल्या. तो तर बॉल घेऊन पळत होता. मीसुद्धा आता रोज देवाला सांगायला लागले की बाबा, याचा एवढा एक सामना पार पडू दे. कंपनीच्या दिवाळ्याचं राहू दे बाजूला.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडे ज्याचं ज्यावर पोट, त्या वस्तूची पूजा होते. सासऱ्यांच्या वेळेपासून कडक नियम असा, की एकदा फूल वाहिलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. वर्षभर राबते, तिलाही एक दिवस सुट्टी. माझा नवरा यात पक्का बेरकी. तो पूजेला जुना, बंद पडलेला लॅपटॉप ठेवतो आणि नवा घेऊन ऑफिसला जातो. हे सासूबाईंना माहीत आहे आणि त्यांना माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे.

आदल्या दुपारी टॉवेल दाबता दाबता सासूबाईंनी हे सगळं त्या दोघांना सांगितलं, मी भाषांतर केलं. त्याने विचारलं, "आज्जी, तुझं काय ठेवणार?"

"पोळपाट-लाटणं. दुसरं काय आहे माझं?"

"आणि माझं?" असं म्हणून त्याने हसत स्वतःच्या पावलांकडे बोट दाखवलं. "बूट?"

"जोडे? देवापुढे? डोकं फिरलंय का याचं! फार तर तो चेंडू आण म्हणावं."

मी सांगितलं. तो म्हणाला, "चेंडू माझा नाही, क्लबाचा आहे. सगळेच त्याला लाथा मारतात. माझे फक्त बूट." पण हे तो चिडून नाही, हसूनच बोलला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंडीतल्या झेंडूची शेवटची फुलं तोडत होते. एवढी एक गोष्ट त्या थंड देशात जिवापाड जपली होती. तेवढ्यात त्याची बायको आली. हातात पिशवी, पिशवीत बूट. तो सकाळच्या मालिशला गेलाय, त्याला ठाऊक नाही, म्हणाली. "रात्रभर छताकडे बघत पडला होता. तो परत विचारणार नाही. मी विचारते आहे."

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, समोरच्या भिंतीवरच्या लाकडी जोड्यांकडे.

"ही माणसं जोड्यांत फुलं लावतात," त्या म्हणाल्या, "आणि सुखाने नांदतात. आपण जोड्यांवर वाहिली तर काय आभाळ कोसळणार आहे?" मग स्वतःशीच, "माझा भाऊ तबला वाजवायचा. तोही चामड्याचाच की. पुजायचोच ना आम्ही!"

त्यांनी बूट मोरीत नेले आणि जुन्या टूथब्रशने घासले. तळव्याच्या खुंट्यांमध्ये अडकलेली माती एकेक करून काढली, कोरडे पुसले, नाड्या सरळ केल्या. देवघरासमोर वेगळा पाट मांडला, पाटावर धुतलेला पंचा, त्यावर बूट. हळदकुंकू, अक्षता, एकेका बुटावर एकेक झेंडू. शेजारी लाटणं आणि नवऱ्याचा मेलेला लॅपटॉप. त्याची बायको हात जोडून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मग ती घाईघाईने घरी गेली, त्याच्यासाठी भात शिजवायला.

आता इथे आम्ही दोघी बायकांनी जो घोळ घातला तो ऐका. सामना या आठवड्यात आहे एवढंच मला ठाऊक होतं. तो त्याच संध्याकाळी आहे, हे तिच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की ते सांगावं असं तिला वाटलंच नाही. आणि पुजलेली वस्तू दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत, हे माझ्या इतकं हाडीमासी खिळलेलं की आदल्या दिवशी भाषांतर करताना मी नियम अर्धाच सांगितला, हे माझ्या गावीच नव्हतं. तिला माहीत चर्चमधलं. पाद्र्याने पाणी शिंपडलं, झालं, घ्या आणि निघा.

दुपारी तो आला. खांद्याला बॅग, चेहरा उतरलेला, बायको मागे. "आज्जी, माझे बूट."

सासूबाईंनी मला विचारलं, "कशाला हवेत?"

"सामना आज आहे म्हणे. आत्ता निघायचंय."

त्यांचा चेहरा पडला. मी त्याला नियम सांगितला. तो पाटाकडे बघत राहिला. घासून लख्ख केलेले बूट, त्यांवर फुलं. त्याचे बूट आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या कुणी पुसले होते. मी म्हटलं, क्लबात दुसरे मिळतील ना? त्यावर बायको म्हणाली, यांच्या आत ऑपरेशननंतर त्याच्या पायाच्या मापाचा तळ बसवलाय. दुसऱ्या बुटांत त्याला भरवसा वाटणार नाही. पण तो म्हणाला, "असू दे. आज्जीचा नियम आहे. दुसरे घालतो." आणि वळला.

"थांब रे लंगड्या," सासूबाई म्हणाल्या.

माझं लग्न झाल्यापासून मी बघत होते. आजारपण असो, परीक्षा असो, त्यांनी हा नियम कुणासाठी वाकवला नव्हता. लग्नाआधी नवऱ्याची बारावीची पुस्तकंसुद्धा पूजेतून सुटली नव्हती म्हणे. त्यांनी निरांजन लावलं. बुटांवर अक्षता टाकल्या, "पुनरागमनाय च" म्हटलं आणि दोन्ही बूट जागचे हलवले. उत्तरपूजा झाली. एक दिवस आधी.

"देव समजून घेईल," त्या मला म्हणाल्या. "तो क्लबवाला कुठला समजून घ्यायला!"

बूट त्यांनी स्वतः त्याच्या हातात दिले आणि मोकळ्या तळहातावर चमचाभर दही घातलं. त्याने ते चाटून घेतलं आणि वाकून त्यांच्या गालाचा मुका घेतला. सासूबाई लाजून लाल. "अरे मेल्या!" म्हणाल्या.

आम्ही सगळेच गेलो. दुसऱ्या संघाच्या सामन्याला कुत्रं फिरकत नाही. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही, खेळाडूंचे चार-दोन नातेवाईक आणि क्लबाची दोन माणसं, कोटाच्या खिशात हात घालून बसलेली. सासूबाईंच्या अंगात सहावारीवर मुलाचं जाकीट, पायात लोकरीचे मोजे, हातात थर्मासमधला चहा. "याचा गोल कुठला?" त्यांनी विचारलं. नवऱ्याने सांगितला. "आणि ते दोघे कोटवाले?" "ते ठरवणार." सासूबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं, जसं स्थळाकडच्या मंडळींकडे बघतात.

मी फुटबॉल तोवर कधी बघितला नव्हता. पण तो त्या पांढऱ्या रेषेवरून आमच्या समोरून पळाला तेव्हा मलाही कळलं की हा माणूस यासाठीच जन्माला आलाय. आमच्या सतरंजीवर बसून टॉवेल दाबणारा तो हाच, यावर विश्वास बसेना. एकदा त्याने तिघांना चुकवून बॉल असा आत टाकला की कोटवाल्यांपैकी एकाने खिशातून हात काढला. सासूबाई ओरडल्या, "शाब्बास रे लंगड्या!" त्याने पळता पळता हात वर केला.

मध्यंतर झालं. गुडघा टिकला होता. त्याची बायको माझा हात इतका घट्ट धरून बसली होती की बांगडी रुतली.

आणि मग काहीच झालं नाही. कुणी धक्का दिला नाही, कुणी पाडलं नाही. त्याच्या आसपास कुणी नव्हतंच. त्याने बॉल थांबवला, वळला आणि गवतावर बसला. ओरडला नाही. नुसता बसला आणि स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

त्याची बायको उभी राहिली. डॉक्टर पळत जाण्याआधी, शिट्टी वाजण्याआधी तिला कळलं होतं. ती काहीतरी म्हणाली, स्पॅनिशमध्ये, अगदी हळू. मेणबत्ती विझल्यावर जे मनात यायचं तेच नेमकं झालं, असा तिचा चेहरा होता. मी तिला कवेत घेतलं, दुसरं काय करणार?

गाडीत सासूबाई एकच वाक्य बोलल्या. "मी उचलायला नको होते."

रात्री त्या जेवल्या नाहीत. दसऱ्याच्या सकाळीही चहा तसाच निवला. श्रीखंडाचा चक्का फडक्यात टांगून ठेवलेला, त्याला हात लावायला तयार नाहीत. नवरा म्हणाला, "आई, अगं लिगामेंट आहे ते. शास्त्र आहे." "तुझं शास्त्र तुझ्या मेल्या लॅपटॉपात घाल," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं पाळलं आणि नेमकं या पोराच्या वेळी मोडलं. मला काय घाई झाली होती?" आणि त्या रडायला लागल्या. सासूबाईंना मी सासरे गेले तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आजच.

अकराच्या सुमाराला बेल वाजली. तो होता, काखेत कुबड्या. बायकोच्या हातात तीच पिशवी. गुडघा सुजून भोपळा झाला होता. तो दिवाणावर बसला आणि मला म्हणाला, तपासण्या उद्या आहेत, पण मला माहीत आहे. मागच्या वेळी आत जो आवाज झाला होता तोच काल झाला. संपलं.

"तिला सांग," सासूबाई मला म्हणाल्या, आणि मग, "नाही, त्यालाच सांग. माझ्यामुळे झालं. नियम मोडला मी. त्याला म्हणावं, माफ कर."

मला हे भाषांतर करायचं नव्हतं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या, मी केलं. मला वाटलं तो हसेल, निदान 'छे छे' म्हणेल. तो हसला नाही. खेळाडू माणूस, शकुन म्हणून मैदानात नेहमी आधी डावं पाऊल टाकणारा. त्याने कुबड्या बाजूला ठेवल्या.

"तिला सांग, मी दुसरे बूट घालून पडलो असतो तर मेल्यावरसुद्धा म्हणत राहिलो असतो, माझे असते तर! तिने मला माझे बूट दिले. मी माझ्या बुटांत खेळलो, चांगला खेळलो आणि पडलो. आता माझ्याकडे 'जर' नाही. हे तिच्यामुळे झालं."

मी सांगितलं. सासूबाई पदराने डोळे पुसत राहिल्या.

मग त्याने पिशवीतून बूट काढले. कालचा चिखल तसाच. कुबडी टेकत देवघरापर्यंत गेला आणि कालच्याच पाटावर, पंच्यावर, बूट ठेवले. बायकोकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आता राहू देत इथे. उचलायची घाई नाही."

नवऱ्याने शेवटी विचारलं, "परत ऑपरेशन?"

"कशाला? खेळायचं नाहीये. लंगडत चालेन. आता कापाकापी नको."

मी हे मराठीत सांगितलं आणि सासूबाईंनी मान वर केली. "काय म्हणाला? कापाकापी नको? माझंच वाक्य मलाच ऐकवतोय मेला!" रडून रडून बसलेल्या आवाजाला एकदम धार आली. "त्याला विचार, उद्या घरात पोर रांगायला लागलं तर त्याच्यामागे कोण पळणार? ही बिचारी एकटी?"

मी सांगितलं, तशी बिचारीने मान खाली घातली. त्याने मला उलट सांगितलं, "आज्जीला विचार, ती जिन्यावरून बसत बसत का उतरायची?"

माझी पंचाईत. पण केलं भाषांतर. सासूबाईंनी जिन्याकडे बघितलं. मग त्यांनी पदर खोचला.

"बरं. सांग त्याला. तू कापून घे, मी कापून घेते. आहे कबूल?"

त्याने बायकोकडे बघितलं. तिने मान हलवली. त्याने सासूबाईंपुढे हात केला आणि त्यांनी त्यावर टाळी दिली.

"आण गं टॉवेल," त्या मला म्हणाल्या. मी दोन आणले. त्याच्या बायकोने सुजलेल्या गुडघ्याला हात लावू दिला नाही, नर्सच ती. त्याला सतरंजीवर बसवून तिने धडधाकट पाय पुढे करायला लावला. आणि सासूबाई दिवाणाला धरून, कण्हत, देवाचं नाव घेत, त्याच्या शेजारी खाली बसल्या. जमिनीवर. किती वर्षांनी ते त्यांनाच ठाऊक. समोर पाट, पाटावर चिखलाचे बूट.

"उनो," सासूबाई म्हणाल्या.

तो पाटावरच्या बुटांकडे बघत होता. त्यांनी कोपराने त्याला ढोसलं.

"दोन," तो म्हणाला.

"त्रेस."

"चार."

असं करत दोघांनी दहा पुरे केले. त्याने पाय सैल सोडला आणि डोळे पुसले. सासूबाईंनी त्याच्या गुडघ्याखालची गुंडाळी सरळ केली आणि म्हणाल्या, "परत."